दारचा चाफा घेताना: फांदी, पिशवी की कलम?

कोकणात झाड लावायचं म्हटलं की मृगाची वाट बघितली जाते. आंबा-काजूची कलमं, माडाचं रोप, सुपारी, जायफळ, सगळं पहिल्या पावसात खड्ड्यात जातं आणि त्या झाडांपुरतं ते बरोबरच आहे. रोपवाटिकांचा खरा धंदाही त्याच दिवसांत होतो. त्याच गर्दीत चाफाही घेतला जातो आणि तिथेच चूक होते. खुरचाफा आपल्या देवळांपुढे पिढ्यान्‌पिढ्या उभा असला तरी तो मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडचा. कोरडे महिने निभावून न्यायला तो जाड, मांसल फांद्यांत पाणी धरून ठेवतो. अशा झाडाची मुळं न धरलेली फांदी ३,००० मिलिमीटरच्या पावसात उभी केली की ती बुडातून कुजते. कोकणात चाफा मरतो तो उन्हाने नव्हे, पाण्याने. म्हणून बाजारात मिळणारी मोकळी फांदी, पिशवीतलं रोप आणि रंगीत कलम, या तिन्ही गोष्टी इथे एकाच प्रश्नावर पारखल्या आहेत: हे झाड पहिला पावसाळा काढील का?

त्याआधी नावाचा घोळ मिटवायला हवा. रोपवाटिकेत नुसतं 'चाफा द्या' म्हटलं तर बहुतेक वेळा सोनचाफ्याचं कलम पुढे येतं. सोनचाफा आणि कवठी चाफा एका कुळातले, हिरवा चाफा सीताफळाच्या कुळातला, आणि आपला खुरचाफा, म्हणजे देवचाफा, कण्हेर, तगर, सदाफुली आणि कुड्याचा भाऊबंद. पानाचा देठ मोडला की पांढरा दाट चीक टपकला पाहिजे. नाही आला तर झाड दुसरंच आहे.

खुरचाफ्यातही पोटभेद आहेत आणि पैसे देण्याआधी पानाचं टोक बघावं. टोक निमुळतं, अणकुचीदार असेल तर तो हिवाळ्यात पूर्ण पानं गाळणारा चाफा. लाल, गुलाबी, पिवळसर आणि देवळापुढचा पिवळ्या गाभ्याचा पांढरा, हे बहुतेक त्यातलेच. टोक गोल आणि पान गडद, चकचकीत असेल तर तो पानं पूर्ण झडू न देणारा प्रकार. आणि पान पळीसारखं, वर फणा काढल्यासारखं रुंद असेल तर तो 'बारमाही चाफा' म्हणून खपवला जाणारा. तो जवळजवळ सदा फुललेला असतो, कुंपणाला छान दिसतो, पण त्याला वास जवळजवळ नसतो. चाफा वासासाठी हवा असेल तर तो घेऊ नये, विक्रेत्याने कितीही गळ घातली तरी.

आमची शिफारस निमुळत्या पानाच्या, पान गाळणाऱ्या चाफ्याची आहे. 'चार महिने बोडकं झाड दारात कशाला' हा आक्षेप नेहमी येतो, पण या झाडाची खरी किंमत त्या बोडक्या महिन्यांतच आहे. मार्गशीर्षापासून पानं पिवळी होऊन गळू लागतात. पौष-माघात राखाडी, गुळगुळीत, दोन-तीन फाटे फुटत गेलेला सांगाडा उरतो. त्यावर गळलेल्या पानांच्या खुणा नाण्यांच्या ठशांसारख्या ओळीने दिसतात. पडवीच्या दक्षिणेला झाड असेल तर थंडीचं कोवळं ऊन सरळ ओटीपर्यंत येतं. फाल्गुन-चैत्रात, पान एकही नसताना, फांदीच्या टोकाला कळ्यांचा झुबका सुटतो. उघड्या फांदीवर पांढरी फुलं हे दृश्य सदाहरित झाडात मिळत नाही. मग वैशाखात पानांची छत्री धरते, फुलं चालूच राहतात, पावसात कमी होतात आणि पाऊस ओसरला की काही फांद्या पुन्हा फुलतात. वास संध्याकाळनंतर चढतो. तो मोठ्या निशाचर पतंगांना बोलावण्यासाठी असतो, आणि फुलात त्यांच्यासाठी मध मात्र नसतो. वासाला फसून ते एका फुलावरून दुसऱ्यावर जातात आणि पराग पोचवतात. क्वचित शेंगांची जोडी धरते, शिंगांसारखी दोन बाजूंना पसरलेली. तीही बघण्यासारखी असते, पण त्या बीपासून येणारं झाड आईसारखं असेलच असं नाही.

आता तीन प्रकारांकडे.

मोकळी फांदी. आमच्या मते कोकणासाठी हीच सर्वांत चांगली खरेदी, आणि बहुतेक गावांत तिला पैसेही पडत नाहीत. फायदा असा की कोणत्या झाडाची फांदी आणली ते ठाऊक असतं. त्याचं फूल बघितलेलं असतं, वास घेतलेला असतो, आणि ते झाड त्याच पावसाला, त्याच खाऱ्या वाऱ्याला तोंड देऊन उभं असतं. फांदी झाड बोडकं असताना, माघ ते फाल्गुन या काळात घ्यावी. लांबी ३० ते ४५ सेंटिमीटर, जाडी निदान अंगठ्याएवढी, आणि साल राखाडी. हिरवी, कोवळी टोकं घेऊ नयेत. त्यांत पाणी जास्त आणि लाकूड कमी, म्हणून ती आठवड्यात मऊ पडतात. पाती धारदार आणि स्वच्छ हवी, ठेचलेला काप कुजतो. चीक डोळ्यात जाऊ देऊ नये आणि हातावरही सुकू देऊ नये, कातडीची आग होते.

काप घेतला की फांदी तशीच लावायची घाई करायची नाही. हीच पायरी बहुतेक जण गाळतात. फांदी सावलीत, वारा खेळेल अशा जागी, पडवीच्या वाशाला उलटी बांधून ७ ते १० दिवस ठेवावी. आधी चीक थेंबाथेंबाने गळतो, मग कापावर पांढरट पापुद्रा धरतो, आणि शेवटी तो भाग टणक, करडा आणि थोडा आत ओढल्यासारखा दिसतो. अंगठ्याने दाबल्यावर ओल लागली नाही म्हणजे फांदी तयार. तोवर कातडी थोडी सुरकुतली तरी बिघडत नाही. लांबून आणायची तर वर्तमानपत्रात गुंडाळावी. प्लास्टिकच्या पिशवीत ती घामेजते आणि काप बुरशी धरतो.

लावायला ८ बाय १० इंचांची पिशवी किंवा तेवढी कुंडी पुरते. मिश्रण असं: दोन भाग नदीची जाड वाळू, एक भाग जांभ्याचा चुरा, एक भाग पूर्ण कुजलेलं खत. किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते म्हणून वापरू नये. तिच्यात मीठ असतं आणि ती बारीकही असते. नारळाचा काथ्याचा भुसा हल्ली सगळ्याच मिश्रणांत असतो. चाफ्याच्या फांदीला तो नको, तो ओल धरून ठेवतो आणि इथे नेमकी ओलच शत्रू आहे. फांदी ८ ते १० सेंटिमीटर खोल बसवून शेजारी बांबूची काडी ठोकावी आणि सुतळीने दोन ठिकाणी बांधावी. फांदी हलली की नवी मुळं तुटतात, म्हणून हा बांध महत्त्वाचा. एकदा पाणी द्यावं, मग मिश्रण वरून दोन बोटं सुकेपर्यंत हात लावू नये.

मुळं धरायला सहा ते आठ आठवडे लागतात. टोकाला दोन पानं फुटली म्हणजे मूळ आलं असं मानू नये. साठवलेल्या अन्नावर फांदी पानं काढते, कधी फूलही काढते. पानं पूर्ण आकाराची होऊन टवटवीत राहिली, आणि फांदी हलकेच वळवून बघितल्यावर मातीने धरून ठेवली, तर मूळ आलं. फाल्गुनात लावलेली फांदी वैशाखात या टप्प्याला येते, म्हणजे पावसाआधी. सारं गणित त्यासाठीच आहे.

पिशवीतलं रोप. याबद्दल आमचं मत कडक आहे. जूनमध्ये रस्त्याकडेला मांडलेली, फुलासकट विकली जाणारी चाफ्याची रोपं घेऊ नयेत. फूल हे मुळाचं प्रमाणपत्र नव्हे, ते वर आलंच. या पिशव्यांत बहुतेकदा चिकट लाल माती दाबून भरलेली असते, तळाची भोकं बुजलेली असतात, आणि वर रोज पाऊस.

तरी घ्यायचंच असेल तर चार गोष्टी हाताने तपासाव्या. पिशवी उचलावी. पाऊस थांबून एक दिवस झाला तरी ती दगडासारखी जड असेल तर निचरा नाही. खोड मातीलगत दोन बोटांनी दाबावं. ते कच्च्या बटाट्यासारखं घट्ट लागलं पाहिजे. जरा जरी दबलं किंवा साल सरकली तर आतून कूज सुरू आहे. मग खोड धरून अगदी हलकं फिरवावं. मातीत सैल फिरलं तर मुळं नाहीत. शेवटी पान उलटून बघावं. खालच्या बाजूला नारिंगी पूड असेल तर तांबेरा, म्हणजे पानांचा बुरशीचा रोग, आहे. तांबेऱ्याने झाड मरत नाही, म्हणून त्यापायी रोप नाकारायचं कारण नाही, पण बाकीच्या तिन्हींपैकी एकही खोट असेल तर परत ठेवावं. ऑक्टोबर ते एप्रिल या काळात हेच रोप घेतलं तर जोखीम निम्म्याहून कमी होते, कारण जे मरायचं ते रोपवाटिकेतच मरून गेलेलं असतं.

रंगीत कलम. गडद लाल, नारिंगी, जांभळट, पट्ट्यांचे असे संकरित चाफे साध्या चाफ्याच्या खुंटावर, म्हणजे मुळांसकटच्या खालच्या खोडावर, हव्या त्या जातीची काडी पाचरीसारखी बसवून, पाचर कलम करून विकले जातात. आंब्याची कलमं बांधणाऱ्या हातांचा हा भाग, त्यामुळे कोकणातल्या चांगल्या रोपवाटिकांत बांधणी सफाईदार असते. किंमत फांदीपेक्षा कितीतरी जास्त, आणि ती फक्त रंगाची. वास सगळ्या रंगीत जातींना सारखा नसतो. काहींचा मंद, काहींचा नावापुरता. लटकवलेल्या फोटोवर विसंबून घेऊ नये. झाडावर फूल असताना, संध्याकाळी, वास घेऊन निवडावं. उन्हाच्या आणि उष्णतेच्या मानाने काही जातींचा रंग फिका किंवा गडद होतो, हेही धरून चालावं.

कलमाचा जोड नीट बघावा. खुंट आणि काडी जवळपास सारख्या जाडीची हवी, जोड फुगीर चालेल पण काळा किंवा ओलसर चालणार नाही. प्लास्टिकची पट्टी अजून असेल तर जोड पक्का झाल्यावर ती उभी चिरून काढावी. राहिली तर खोड जाड होताना ती आत रुतते आणि वाऱ्याने तिथेच मोडतं. लावताना जोड मातीच्या वर निदान वीतभर राहिला पाहिजे. आणि जोडाखालून फुटणारा प्रत्येक डोळा कोवळा असतानाच अंगठ्याने खुडावा. दोन वर्षांनी 'लाल चाफ्याला पांढरी फुलं आली' अशी तक्रार येते, तिचं कारण बहुतेकदा हेच असतं: खालचा खुंट वाढला आणि वरचं कलम उपाशी राहिलं.

लावणीची जागा या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट आहे. दिवसाला सहा तास तरी सरळ ऊन हवं. आंब्या-फणसाच्या सावलीत चाफा उंच, किडकिडीत होतो आणि फुलत नाही. भिंतीपासून दोन मीटर, दुसऱ्या झाडापासून तीन मीटर अंतर ठेवावं. खाऱ्या वाऱ्याची भीती नाही. समुद्रासमोर पानांच्या कडा करपतात, पण झाड टिकतं.

कातळावरच्या घरांना मात्र एक खास अडचण आहे. जांभ्यात पहारीने खणलेला खड्डा पावसात हौद होतो. त्यात चांगली माती भरली तरी पाणी कुठे जात नाही आणि चाफा महिनाभर बुडीत उभा राहतो. तिथे खड्डा मुळी खणूच नये. दीड-दोन मीटर घेराचं चिऱ्यांचं किंवा गडग्याच्या दगडांचं कोरडं रिंगण रचावं, ३० ते ४५ सेंटिमीटर उंच, सांधे न भरता. आत तळाला खडी, वर माती-वाळूचं मिश्रण, आणि त्यावर झाड. असं उंचावलेलं आळं दिसायलाही देखणं, आणि बोडका चाफा त्यावर तुळशीवृंदावनासारखा शोभतो. भरड मातीच्या उताराच्या जागेत ४५ सेंटिमीटरचा चौकोनी खड्डा चालतो, फक्त माती भरताना मध्यभागी उंचवटा राहील असं बघावं.

फाल्गुनात लावून मुळं धरलेली फांदी मेअखेर अशा उंच आळ्यात लावता येते. जागा जरा जरी पाणथळ असेल तर पहिला पावसाळा ती पिशवीतच, पडवीच्या पागोळ्यांपासून आत, उजेडात काढू द्यावी आणि दसऱ्याला लावावी. चार महिने उशीर होतो, झाड वाचतं.

खताचा सोस नको. पालवी फुटताना दोन-तीन घमेली कुजलेलं शेणखत, शंभर ग्रॅम हाडांचा चुरा आणि मूठभर राख, एवढं वर्षाला एकदा पुरे. युरिया दिला की फांद्या हातभर लांब, पोकळ होतात, पानं परातीएवढी, आणि फूल नाही. भर पावसात दिलेलं खत वाहून जातं. पानगळीनंतर पाणी जवळजवळ बंद करावं. बोडक्या झाडाला दया येऊन रोज पाणी घालणं हे कुजीचं दुसरं मोठं कारण आहे.

छाटणी फक्त बोडक्या काळात. चाफ्याची फांदी टोकाला फुलते आणि फुलानंतर तिथूनच दोन-तीन फाटे फुटतात. म्हणून दरवर्षी सगळीकडे कात्री चालवली तर त्या वर्षीची फुलं जातात. रोप कमरेएवढं झालं की एकदाच शेंडा कापून फाटे पाडावेत, पुढे फक्त आत वळलेल्या आणि घासणाऱ्या फांद्या काढाव्यात. कापावर बोर्डो मलम लावावं: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, १ लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावं, लोखंडी भांडं नको. तयार मिश्रणात चकचकीत लोखंडी पातं बुडवून बघावं. त्यावर तांबूस थर बसला तर चुना कमी आहे, आणखी घालावा. सुपारीच्या बागा असलेल्यांना हे सांगायला नको.

पावसाळ्यात दोन त्रास ठरलेले. पहिला तांबेरा. पानावर वरून पिवळे ठिपके, खालून बोटाला लागणारी नारिंगी पूड, मग पान वेळेआधी गळतं. लागलेली पानं गोळा करून जाळावीत, झाडाखाली कुजू देऊ नयेत. उघडीप मिळाली की पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ते ३ ग्रॅम, पानाच्या खालच्या बाजूला बसेल असं फवारावं, कडक उन्हात नव्हे. पाऊस सुरू होण्याआधी एक टक्का बोर्डो (लिटरला १० ग्रॅम मोरचूद, १० ग्रॅम चुना) मारून ठेवलं तर जोर कमी राहतो. थोडा तांबेरा सहन करावा. तसंही पान गळणारच आहे.

दुसरा त्रास शेंड्याची कूज, आणि ती गंभीर. फांदीचं टोक काळं, मऊ पडतं आणि काळेपणा खाली उतरत जातो. इथे वाट बघू नये. पाऊस असला तरी पहिली उघडीप मिळताच कापावं. काप घेतल्यावर आतला गाभा बघावा. तपकिरी ठिपका दिसला तर आणखी दोन इंच खाली, पुन्हा दिसला तर आणखी खाली. गाभा पांढरा आणि चीक भरभरून आला की थांबावं. प्रत्येक कापाआधी पातं पुसून घ्यावं आणि शेवटी मलम लावावं. मुंग्या चढताना दिसल्या तर पानांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण आहेत असं समजावं. लिटरला ५ मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी आठ दिवसांच्या अंतराने दोनदा फवारलं की आटोक्यात येतात.

फांद्या ठिसूळ असतात, वादळात मोडतात. ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या 'निसर्ग'सारख्या वादळानंतर मोडलेली चाफ्याची फांदी फेकू नये. फाटलेला भाग सरळ कापून, पानं देठाचं बोटभर टोक ठेवून काढून, ती पडवीत दोन-तीन आठवडे सुकवली तरी पुढे लागते. दमट हवेत काप सुकायला जास्त दिवस लागतात, एवढाच फरक. मग ती वाळूत, छपराखाली.

फ्लॅटच्या गच्चीत लावणाऱ्यांनी १६ इंची मातीची कुंडी घ्यावी, प्लास्टिकची नको. तळाला भोकं तीन-चार, कुंडीखाली विटांचे तुकडे आणि ताटली अजिबात नाही. पावसाळ्यात कुंडी भिंतीलगत पत्र्याखाली सरकवता येते, ही खरं तर अंगणापेक्षा मोठी सोय. रंगीत कलम घ्यायचं असेल तर ते आधी दोन वर्षं असं कुंडीत वाढवून, खोड मनगटाएवढं झाल्यावर जमिनीत द्यावं. खोड जितकं जुनं आणि लाकूड झालेलं, तितकं ते पावसाला कमी घाबरतं.